पडद्याकडे पाठ

मिस व्हर्ना सिनेमे दाखवायच्या, पण स्वतः बघायच्या नाहीत. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी ईलिंगमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये त्यांचा खेळ असायचा. खुर्च्या मांडायच्या, प्रोजेक्टरवर रीळ चढवायचं, दिवे घालवायचे आणि मग बाई एका लाकडी स्टुलावर पडद्याकडे पाठ आणि दाराकडे तोंड करून बसायच्या. हॉलची पुढची आणि मागची, दोन्ही दारं सताड उघडी. उजेड आत येऊ नये म्हणून त्यावर त्यांनी स्वतः शिवलेले जाड काळे पडदे सोडलेले. जानेवारीत त्या पडद्यांखालून असा काही वारा यायचा की प्रेक्षक कोट, मफलर, टोप्यांसकट बसत आणि जाणकार मंडळी घरून ब्लँकेटं आणत. एखाद्या नवख्यानं "दार लावता का जरा?" म्हटलं, की मान न वळवता उत्तर यायचं, "कोल्ड नेव्हर किल्ड नोबडी, माय लव्ह. कोट घाल."

आमची पहिली भेट मात्र इतकी सुखाची झाली नाही. आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी फराळ त्याच हॉलमध्ये, त्याच शनिवारी सकाळी होता. हॉलच्या मागच्या बाजूला आगीच्या वेळी बाहेर पडायचं दार आहे, आडवा दांडा ढकलला की उघडतं. आमची कार्टी तो दांडा ढकलून सारखी पार्किंगमधल्या गाड्यांमध्ये पळत होती. जोगळेकरकाका म्हणजे मंडळाचे खजिनदार, व्यवस्थापक आणि स्वयंनियुक्त पोलीस. त्यांच्या गाडीत नायलॉनची दोरी कायम असते. त्यांनी ती आणली आणि दांडा असा आवळून बांधला की चार पैलवान आले तरी दार उघडणार नाही. सगळ्यांनी वाहवा केली. मग फराळ झाला, मंडळी पांगली आणि सांडलेला चिवडा झाडायला मी एकटी उरले.

तेवढ्यात एक उंच, साठीच्या घरातली काळी बाई आत आली. हातात सिनेमाच्या रिळाचा डबा, डोक्याला जांभळा रुमाल. मी हॅलो म्हटलं ते तिला ऐकूच गेलं नाही. ती त्या दोरीकडे बघत होती. डबा खाली ठेवून ती गाठ सोडवायला लागली, पण दोरी इतकी आवळलेली होती की नख लागेना. मी घाबरून माळांसाठी आणलेली कात्री पुढे केली. तिनं दोरी कापली, दार ढकललं आणि बाहेर जाऊन कितीतरी वेळ नुसता श्वास घेत उभी राहिली.

"हे कुणी केलं?"

"मुलं बाहेर पळत होती ना, म्हणून... सेफ्टीसाठी," मी म्हटलं.

"चाइल्ड, तो शब्द या हॉलमध्ये परत काढू नकोस," त्या म्हणाल्या. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना दया आली असावी. "खुर्च्या मांडायला हात लाव. आलीच आहेस तर बघून जा."

मी थांबले ते काही सिनेमाच्या ओढीनं नाही. घरी जायची भीती वाटत होती म्हणून. मी नागपूरची, माणसांनी गच्च भरलेल्या घरात वाढलेली. माझा नवरा श्रीकांत हॉस्पिटलात भूल द्यायचं काम करतो. त्याच्या ड्यूट्या लागल्या की त्या चिमुकल्या घरात मी आणि बॉयलरचा आवाज. पत्र टाकायच्या फटीतून कुणी जाहिरात सरकवली तरी मी दार पुन्हा तपासून यायची. लॅच, त्यावर कडी, त्यावर साखळी आणि वर दाराला टेकवलेली डायनिंगची खुर्ची, एवढा बंदोबस्त करून मी दिवसाढवळ्या बसत असे.

तो बंदोबस्त मिस व्हर्नांनी पुढे एकदा पाहिला. चहाला बोलावलं होतं. (मी त्यांना आधी 'व्हर्ना आंटी' म्हणाले होते. "मी तुझ्या आईची बहीण नाही आणि बापाचीही नाही. आमच्या बार्बाडोसला मोठ्या बाईला मिस म्हणतात, आणि पुढे नाव," असं त्यांनी ठणकावलं होतं.) मी सवयीनं कडी, साखळी, खुर्ची सगळं जागच्या जागी लावलं. बाई कोट न काढता दाराजवळच उभ्या राहिल्या. चहा निवला. शेवटी मी एकेक काढत गेले आणि दार किलकिलं केलं, तेव्हा कुठे त्या बसल्या. "तू बाहेरच्यांना घाबरतेस, मी दारांना," त्या म्हणाल्या. "दोघींचं एका घरात जमणं कठीण आहे." आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

त्यांच्या खेळांना एक रीत होती. दाखवायचे ते फक्त काळ्या बायकांनी केलेले सिनेमे. मोठ्या कंपन्यांचे नव्हेत. स्वतः धडपडून, मैत्रिणींना जमवून, रविवारी रविवारी शूटिंग करून पुरे केलेले. लीड्समधल्या बस चालवणाऱ्या आईवर मुलीनं केलेला एक होता. बर्मिंगहॅमच्या एका केशकर्तनालयात दिवसभर चाललेल्या गप्पांचा एक होता. दिवे घालवण्याआधी मिस व्हर्ना पुढे येऊन दिग्दर्शिकेचं पूर्ण नाव उच्चारायच्या आणि सगळ्या हॉलला मोठ्यानं म्हणायला लावायच्या. पुटपुटलेलं चालायचं नाही. "तिनं वर्षं घालवली, तुम्ही तोंड तरी उघडा!" मग हॉल गरजायचा. सिनेमा संपल्यावर शेवटचं नाव पडद्यावरून जाईपर्यंत कुणी उठायचं नाही. पहिल्यांदा मला हे सगळं आरतीसारखं वाटलं आणि म्हणूनच बहुधा आवडलं.

त्या स्वतः तरुणपणी सोहोमधल्या एका फिल्म लॅबमध्ये होत्या. पांढरे सुती हातमोजे घालून दुसऱ्यांच्या निगेटिव्ह कापायचं काम. "एक ओरखडा पडला तर तो जन्माचा. म्हणून मला हळू चालायची सवय आहे," असं म्हणायच्या. त्या कामातून शिकून त्यांनी स्वतःची एक फिल्म केली होती. एकच. आपल्या गल्लीतल्या बायकांवर. हे मला कळलं तेव्हा मी साहजिकच विचारलं, की मग ती कधी दाखवणार?

त्यांनी मला खुर्च्या आवरायला लावलं. पुढच्या महिन्यात, खुर्च्या मांडता मांडता, सांगितलं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. लंडनच्या दुसऱ्या टोकाला एका दुकानावरची खोली. त्या फिल्मचा पहिलाच खेळ. आधी धमक्या आल्या होत्या. तसल्या धमक्या तेव्हा येतच असत. म्हणून दिवे घालवल्यावर मिस व्हर्नांनी स्वतः उठून खोलीच्या दाराला आतून बोल्ट घातला. अर्ध्या वाटेवर कुणीतरी खाली रस्त्यावरच्या दारातल्या पत्रांच्या फटीतून पेटत्या चिंध्या टाकल्या. जिन्यातून धूर वर आला. सगळी खोली एकदम दाराकडे धावली, माणसं दारावर दाबली गेली आणि त्या दाबानं बोल्ट निघेना. निघाला तेव्हा लोक एकमेकांना तुडवत खाली उतरले. त्यांची जिवलग मैत्रीण हायसिंथ जिन्यात पडली. हॉस्पिटलातून ती परत आली नाही. ती त्या फिल्ममध्ये होती. शेवटचा शॉट तिचाच.

"आग टाकणारा बाहेर होता," त्या म्हणाल्या. "पण बोल्ट माझा होता."

त्या फिल्मची प्रिंट त्यांच्या पलंगाखाली होती. त्यानंतर ती कधीच लावली नव्हती.

दोन हजार पाच साली मात्र काय झालं कोण जाणे, त्यांनी मनावर घेतलं. नोव्हेंबरात एका दिवसाचा फेस्टिव्हल करायचा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळ्या बायकांचे सिनेमे, आणि शेवटी त्यांचा. "छातीत घरघर सुरू झालीय," एवढंच कारण दिलं. हायसिंथला एकदा लोकांसमोर हसताना बघायचं, बास. प्रिंट इतकी वर्षं पडून होती म्हणून सोहोतल्या ओळखीच्या माणसाकडून तपासून आणायचं काम माझ्यावर आलं.

तो उन्हाळा लंडनमध्ये वाईट गेला होता. जुलैत भुयारी रेल्वेत सॅकमधले बाँब फुटल्यानंतर माझ्यासारख्या रंगाच्या माणसानं पाठीला सॅक लावून ट्यूबमध्ये शिरणं म्हणजे काय, ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. सॅकमध्ये गोल, चपटा, जड पत्र्याचा डबा. समोरचा माणूस पेपरावरून माझ्याकडे बघायला लागला. शेजारची बाई उठून पलीकडे गेली. मी सॅक मांडीवर घेतली, चेन उघडली, डबा सगळ्यांना दिसेल असा धरला आणि ईलिंग ब्रॉडवे येईपर्यंत उगाचच हसरा चेहरा करून बसले. घामानं ब्लाउज भिजला होता. मिस व्हर्नांना सांगितलं तर म्हणाल्या, "आता तुला कळलं, माय लव्ह. मी पन्नास वर्षं तसंच हसतेय."

पोस्टर लागली आणि आठवड्याभरात त्यावरच्या मिस व्हर्नांच्या नंबरावर फोन सुरू झाले. उचलला की पलीकडे कुणी बोलायचं नाही, नुसता श्वास. एकदा एक पुरुषी आवाज अगदी शांतपणे म्हणाला, "लाइट गेल्यावर बघू." मग एका सकाळी हॉलच्या दारातल्या फटीतून आत टाकलेलं आमचंच पोस्टर सापडलं. कडेनं जळलेलं. मिस व्हर्नांनी ते दोन बोटांत धरून मला दाखवलं तेव्हा त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. मला वाटलं, संपलं. खरं सांगायचं तर मनातून बरंही वाटलं.

पोलीस आला. चांगला मुलगा होता, सगळं लिहून घेतलं आणि जाताना आपुलकीनं म्हणाला, खेळ चालू असताना दारं बंद ठेवा आणि पुढच्या दाराला आतून बोल्ट घाला. हॉलच्या कमिटीनं तीच अट घातली. मिस व्हर्ना म्हणाल्या, "मग खेळ नाही." कमिटीच्या बाईंनी खूप समजावलं. शेवटी त्या कमिटीच्या बाईच म्हणाल्या, बरं, प्रत्येक दारात पूर्ण वेळ मोठी माणसं बसणार असतील तर दारं उघडी ठेवा. पण माणसं कुठून आणायची? नेहमीचे प्रेक्षक सगळे म्हातारे, आणि त्यांना तर सिनेमा दाखवायचा होता.

"माझ्याकडे आहेत," कुणीतरी म्हणालं. तो आवाज माझाच होता हे कळायला मला जरा वेळ लागला.

मंडळात विषय काढला तेव्हा अपेक्षेप्रमाणे सगळे माना खाली घालून करंज्या खात बसले. कशाला नसती उठाठेव, आपण इथे व्हिसावर, पोराबाळांची माणसं. मी त्यांना दोष देऊ शकत नव्हते. मीही मनात हेच म्हणत होते. मग जोगळेकरकाकांनी घसा साफ केला. "ती दोरी मी बांधली होती ना? मग मागचं दार माझं." काकू लगेच म्हणाल्या, "यांना एकट्यांना कुठे सोडणार? मी पुढच्या दारात बसते, मेधाबरोबर." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि काकांनी कामाला सुरुवातही केली. सांगलीला लहानपणी फटाके उडवताना शेजारी भरलेली बादली आणि ओलं गोणपाट लागायचंच, ते इथेही हवं. गोणपाट मिळालं नाही म्हणून काकूंचे अंघोळीचे टॉवेल आले.

फेस्टिव्हलच्या दिवशी सकाळपासून ईलिंगभर फटाके वाजत होते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंग्रजांचा फटाक्यांचा सण येतो आणि एरवीच्या सगळ्या शांततेचं ते उट्टं काढतात. प्रत्येक बारला मिस व्हर्ना दचकत, आणि त्यांच्यामुळे मी. हॉल मात्र भरला होता. केशकर्तनालयाच्या सिनेमाला लोक हसून हसून रडले. लीड्सहून त्या बस चालवणाऱ्या बाई मुलीसह आल्या होत्या; हॉलनं मुलीचं नाव गरजून म्हटलं तेव्हा आईनं ब्लँकेटमध्ये तोंड लपवलं.

साडेचारला बाहेर अंधार पडला. शेवटची फिल्म उरली. पुढे जाऊन नाव कोण घेणार? मीच गेले. "व्हर्ना क्लार्क," मी म्हटलं, आणि हॉल असा काही गरजला की प्रोजेक्टरच्या टेबलावरचे कप थरथरले. मिस व्हर्ना नेहमीसारख्या स्टुलावर, दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. मी त्यांच्यापाशी गेले.

"आज दार माझं," मी म्हटलं. "तुम्ही तिकडे बघा."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुला भीती वाटतेय?"

"खूप."

"मग ठीक आहे. जिला भीती वाटत नाही तिला मी दारात बसवणार नाही." आणि त्यांनी स्टूल फिरवलं.

मी आणि काकू काळ्या पडद्याच्या बाहेर, पोर्चमध्ये खुर्च्या टाकून बसलो. साडी, त्यावर ओव्हरकोट, पायाशी बादली. आतून बायकांचे आवाज येत होते, तव्यावर काहीतरी चरचरत होतं, सगळं त्या फिल्ममधलं. एक गाडी हळू होत समोरून गेली. जराशानं परत आली. काकूंनी माझा हात धरला. गाडी थांबली, दोन-तीन जण उतरून फाटकाशी उभे राहिले. डोक्यावर हुडी, चेहरे दिसेनात. मी उठून ओरडायला हवं होतं, पण मी बादलीचा कान धरून बसूनच राहिले. मग त्यांच्यातल्या एकाच्या हातात ठिणगी दिसली.

तो बाण होता, आडवा सोडलेला. सूं करत जमिनीवरून आला, माझ्या खुर्चीखालून गेला आणि पडद्यात अडकून फुटला. पडद्याला खालून आग लागली. "अगं ऊठ!" काकू किंचाळल्या. मी उठले. पडदा दोन्ही हातांनी ओढून खाली पाडला, काकूंनी बादली ओतली, टॉवेल टाकले. आग विझली, पण धुराचा लोट आत शिरला. आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "सगळे मागच्या दारानं बाहेर! सावकाश!" मराठीत. त्या हॉलमध्ये ते समजणारा एकच माणूस होता आणि तो मागच्या दारात बसला होता. काकांनी पडदा बाजूला केला, दारावरचा दिवा लावला आणि बँकेतल्या रांगेला सांगावं तसं म्हणाले, "धिस वे प्लीज. नो हरी. आफ्टर यू, मॅडम."

मी वळसा घालून मागे धावले तोवर लोक पार्किंगमध्ये येऊन उभे होते. सगळे होते. मिस व्हर्ना नव्हत्या.

मी आत गेले. आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. धुरानं डोळे चुरचुरत होते. रिकाम्या खुर्च्या, घरघरणारा प्रोजेक्टर, आणि स्टुलावर ताठ बसलेली बाई, तोंड पडद्याकडे.

"मिस व्हर्ना, चला!"

"दार उघडं आहे?"

"हो."

"दोन्ही?"

"दोन्ही. चला ना!"

"मग बस जरा. ही आता हसेल."

मी बसले. पडद्यावर पायरीवर बसून एक तरुण बाई लहान मुलीची वेणी घालत होती. मुलगी काहीतरी म्हणाली, बाईनं कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि मान मागे टाकून हसली. मिस व्हर्नांनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. शेवटचं नाव जाईपर्यंत आम्ही उठलो नाही. मग त्यांनी पहिल्यांदा मागे वळून रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"कसे गेले सगळे?"

"कसे म्हणजे? चालत."

"चालत?" त्या म्हणाल्या, आणि तिथे, त्या स्टुलावर, लहान मुलासारख्या रडायला लागल्या.

बाण कुणी सोडला ते कधीच कळलं नाही. टारगट पोरं असतील, किंवा फोनवरचा तोही असेल. माझी भीती काही गेली नाही. अजूनही गाडी हळू झाली की मी खिडकीतून वाकून बघते.

मिस व्हर्नांची छाती मात्र त्यानंतर दर हिवाळ्यात अधिक बिघडत गेली. चौथ्या हिवाळ्यात हॉस्पिटलातून परत जाणं नाही हे त्यांनाही कळलं होतं. मी गेले की त्या फेस्टिव्हलचं काही विचारायच्या नाहीत, फिल्मचं नाही, टाळ्यांचं नाही. एकच विचारायच्या: "सांग, कसे बाहेर आले?" शेवटच्या भेटीत तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलता येत नव्हतं. म्हणून काकांकडून ऐकलेलं सगळं मी न विचारताच सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा काठीवाल्या मिसेस रॉबर्ट्स आल्या, दारात थांबून त्यांनी कोटाची बटणं लावली. त्यांच्यामागे ते नवरा-बायको, त्यांनी ब्लँकेटची घडी घातली. मग बस चालवणाऱ्या बाई, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून. जोगळेकरकाका प्रत्येकाला "आफ्टर यू, आफ्टर यू" म्हणत होते. कुणी ढकललं नाही. कुणी पडलं नाही. कुणीसुद्धा धावलं नाही, मिस व्हर्ना. सगळे चालत आले.

त्यांनी चादरीवरचं एक बोट उचललं आणि हवेत छोटासा गोल काढला. पुन्हा.

मी खुर्ची जवळ ओढली आणि मिसेस रॉबर्ट्सपासून परत सांगायला लागले.